प्लेटमागे उभं राहायला कमी पैशात कोणते बूट घ्यावेत? (बेसबॉल अंपायरिंग)

नवखा_पंच
मंडळी नमस्कार. आतापर्यंत मी फक्त बेसवर उभा राहायचो त्यामुळे साधे काळे स्पोर्ट्स शूज घालून भागत होतं. आता या सीझनपासून प्लेटमागे, म्हणजे बॅटर उभा असतो त्या होम प्लेटला, बॉल झेलणाऱ्या कॅचरच्याही पाठीमागे उभं करणार आहेत. मास्क, चेस्ट प्रोटेक्टर, शिनगार्ड क्लबचे मिळतात, बूट मात्र ज्याचे त्याने बघायचे. अंपायरांसाठीचे खास प्लेट शूज ऑनलाइन बघितले, किंमत बघितली आणि मोबाईल बाजूला ठेवून दिला. मानधन किती मिळतं ते तुम्हाला सांगायला नको.

तर प्रश्न असा की कारखान्यात घालतात ते स्टील टोचे सेफ्टी शूज प्लेटमागे चालतात का? मुलं पंधरा ते अठरा वयाची आहेत, दोघातिघांचा बॉल चांगलाच फास्ट येतो. शिवाय बेसला आणि प्लेटला एकच जोड वापरता येईल का? आणि एक मित्र म्हणतोय की काही घेऊ नकोस, आहेत त्याच बुटात नाडीखाली पत्रा कापून सरकव, काम झालं. (मित्र स्वतः कधी प्लेटमागे उभा राहिलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.)

तिसरा_स्ट्राइक
पत्र्याचं आधी बोलतो. नको. बॉल आदळला की पत्रा वाकणार आणि त्याची कड सरळ पायात घुसणार. टणक कवच लागतंच पण ते मार पसरवायला, आणि कवच नि पाय यांच्यामध्ये फोम किंवा मोकळी जागा लागते, ती नसेल तर कवच असून उपयोग शून्य, उलट दुखापत वाढते. मित्राला एक इनिंग उभं कर, पत्रा घालून.

आता सेफ्टी शूज. चालतात, बरेच जण वापरतात, मीही कितीतरी सीझन तेच वापरलेत. पण एक गोष्ट सगळे नवीन लोक विसरतात, स्टील टो म्हटलं की वाटतं पाय झाकला, पण ती टोपी फक्त बोटांवर असते. बोटांच्या मागे, जिथे नाड्या असतात ना, तो पंजाचा उंचवटा, तिथे पाच लांब बारीक हाडं आहेत आणि त्यांच्यावर कातडी सोडली तर काहीच नाही. आणि बॅटला खालून चाटून सरळ खाली येणारा फाऊल (बॅटला लागून भलतीकडे गेलेला बॉल) नेमका तिथेच बसतो. बोटांवर बसला तर टण् आवाज येतो, सगळे हसतात, खेळ पुढे चालू. नाड्यांवर बसला तर आपण खाली बसतो. म्हणून दुकानात स्टील टो आहे का एवढंच विचारू नकोस, मेटाटार्सल गार्ड आहे का ते विचार. खास प्लेट शूजमध्ये नाड्यांवर जी झडप दिसते ती हीच, आणि तुझ्याकडून जास्त पैसे घेतात ते बहुतांशी तिच्यासाठी आणि वजन कमी ठेवण्यासाठी.

कोणत्या पायावर येतो तेही बघून ठेव. आपण स्लॉटमध्ये उभे राहतो, म्हणजे कॅचर आणि बॅटर यांच्या मधल्या फटीत, आणि बॅटरकडचा पाय पुढे असतो. उजव्या हाताचा बॅटर असेल तर आपला डावा पाय. दुसरा पाय बऱ्यापैकी कॅचरच्या आडोशाला असतो पण पुढचा पाय उघड्यावर. बॅटर बहुतेक उजवेच असतात त्यामुळे माझे डावे बूट आधी निकामी होतात, उजवे नव्यासारखे पडून राहतात.

लोखंडी_अंगठा
तिसरा स्ट्राइक भाऊ, बाकी सगळं मान्य पण सेफ्टी शूज सरसकट चालतात असं नवीन माणसाला सांगू नका. मी एक सीझन घोट्यावर येणारे जाड कामगारी बूट घालून काढला आणि पायापेक्षा गुडघ्यांची वाट लागली. कारण घोटा पुढे वाकतच नाही. प्रत्येक पिचला आपण खाली बसतो, दोन्ही बाजूंचे मिळून एका मॅचमध्ये अडीचशेच्या पुढे पिच सहज होतात, आणि घोटा वाकला नाही की टाच उचलली जाते, वजन चवड्यावर जातं, मग डोकं हलतं आणि डोकं हललं की झोन हलला, म्हणजे स्ट्राइक ठरवायची ती मनातली चौकट. शेवटच्या दोन इनिंगमध्ये खालचे स्ट्राइक सुटायला लागले की लोक म्हणतात अंपायर दमला. दमला नाही हो, बूट वाकत नाहीयेत.

माझं मत असं की जुने, वापरलेले पण खरे प्लेट शूज शोध. न्यू बॅलन्सचे आहेत, थ्रीएनटूचे आहेत, खास यासाठीच बनवलेले. सीनियर लोक दर दोनतीन वर्षांनी बदलतात आणि जुना जोड माळ्यावर टाकतात. असोसिएशनच्या ग्रुपवर मागून बघ, लाजू नकोस.

मटेरियलवाला
माझं रोजचं काम सेफ्टीच्या सामानाचं आहे म्हणून बोलतो, अंपायरिंग फक्त हौसेने.

पहिलं, जुने बूट घेण्याबद्दल. घ्या, पण सोल बघून घ्या. बऱ्याच बुटांचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो आणि तो हवेतल्या ओलाव्याने हळूहळू कुजतो, बूट वापरा नाहीतर खोक्यात ठेवा. उलट नुसता पडून राहिलेला जोड जास्त दगा देतो. वरून चामडं चकाचक, टोपी शाबूत, आणि मैदानात गेलं की तासाभरात सोल ओल्या बिस्किटासारखा सुटा होऊन हातात येतो. घेण्याआधी अंगठ्याच्या नखाने मधला थर दाबून बघा, चिकट लागला, भुसा पडला किंवा वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या तर फुकट दिला तरी घेऊ नका. "अजिबात वापरलेले नाहीत, पाच वर्षं तसेच आहेत" असं कोणी कौतुकाने सांगितलं तर तेच सगळ्यात जास्त तपासा.

दुसरं, सेफ्टी शूज घेताना जिभेवर किंवा आतल्या लेबलवर नंबर असतो तो वाचा, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका. आयएसओ २०३४५ असेल तर टोपी २०० ज्यूलच्या माराला तपासलेली, २०३४६ असेल तर १०० ज्यूल, आणि २०३४७ असेल तर टोपीची अटच नाही. हे २०३४७ वाले बाहेरून हुबेहूब तसेच दिसतात आणि स्वस्त असतात, लोक तिथेच फसतात. पंजाच्या वरच्या भागाचं संरक्षण हवं तर त्याच लेबलवर एम हे अक्षर शोधा, त्याची चाचणी १०० ज्यूलला होते. अमेरिकन लेबल असेल तर एएसटीएम एफ२४१३ आणि पुढे एमटी. तिकडची ७५ फूट-पाउंडची चाचणी म्हणजे आपल्या हिशेबात साधारण १०२ ज्यूल.

आता बॉलकडे बघू. बेसबॉलचं वजन १४२ ते १४९ ग्रॅम. ताशी १२० किलोमीटरने आला तर त्यात साधारण ८० ज्यूल असतात, १४५ ने आला तर जवळपास ११८. वेग थोडाच वाढला तरी मार बराच वाढतो, कारण हिशेब वेगाच्या वर्गाचा आहे. म्हणजे तुमच्या पोरांसाठी २०३४५ ची टोपी पुरून उरते. पण चाचणीत वीस किलोचं वजन वरून सोडतात आणि इथे हलका बॉल जोरात येतो, स्वतः थोडा चेपतो, उसळून निघून जातो. तेव्हा दोन्ही आकडे समोरासमोर ठेवून गणित मांडू नका, अंदाजापुरते धरा.

आणि एक, यावर कोणी बोलत नाही. एस१पी किंवा एस३ लिहिलेले बूट शक्यतो टाळा. त्यांच्या तळव्यात खिळा घुसू नये म्हणून थर असतो, बऱ्याचदा स्टीलचा. मैदानात खिळे नाहीत. त्या पत्र्याने तळवा फळीसारखा होतो, आणि लोखंडी अंगठा म्हणतात तो त्रास निम्मा घोट्याच्या उंचीमुळे आणि निम्मा या तळव्यामुळे असतो. घोट्याखाली संपणारा, साधा एस१ किंवा एस२, एम सकट, असा मिळाला तर प्लेटमागे छान बसतो. दुकानात हातात घेऊन चवड्यापाशी वाकवून बघा. दोन्ही हातांनी जोर लावावा लागला तर ठेवून द्या.

नवखा_पंच
बापरे, एवढं सगळं लेबलवर असतं हे माहीतच नव्हतं. मटेरियलवाला सर, कंपोझिट टो घ्यावा की स्टील? दुकानदार म्हणतो कंपोझिट हलका, नवीन टेक्नॉलॉजी, तोच घ्या. आणि ते स्टीलची टोपी वाकून बोटं कापते वगैरे ऐकलंय ते खरं आहे का?

मटेरियलवाला
बोटं कापायची गोष्ट सोडून द्या. टोपी तशी वाकवायला जो भार लागेल त्याखाली टोपी नसलेल्या पायाचं काय झालं असतं याचा विचार करा. बॉलने तर शक्यच नाही.

कंपोझिट हलका हे खरं, उन्हात तापत नाही हेही खरं. पण तेवढीच ताकद यायला तो जाड करावा लागतो, त्यामुळे पुढचा भाग फुगीर दिसतो. आणि स्टीलला मोठा मार बसला तर पोचा येतो, दिसतो तरी, कंपोझिट आतल्या आत तडकू शकतो आणि वरून चामडं आहे तसं. आपल्या कामात मार पुन्हा पुन्हा त्याच जागी बसणार. बजेट कमी असेल, जोड दोन-तीन सीझन ओढायचा असेल, तर मी स्टील घेईन. वजनातला फरक उभं राहण्याच्या कामात तितकासा जाणवत नाही.

स्लॉटमधली
इथे सगळे दादा लोक आहेत म्हणून बायकांचीही एक अडचण सांगते, लहान मापात एमवाले सेफ्टी शूज मिळतच नाहीत. मी शेवटी वेगळा मार्ग काढला. साधे स्टील टोचे लहान मापाचे, घोट्याखालचे बूट घेतले आणि वरून पट्ट्याने बांधायचे मेटाटार्सल गार्ड मिळतात ते लावले. वेल्डिंग, फाउंड्रीत वापरतात तेच, बुटावर चढवायचे आणि तळव्याखालून पट्टा. तळव्याखालचा पट्टा मातीत झिजतो आणि थोडं बेंगरूळ दिसतं, पण पँट वरून आली की फक्त टोक दिसतं. दोन सीझन झाले चालतायत.

नवखा, तू शिनगार्डचं काहीच लिहिलं नाहीस आणि मला वाटतं तुझे अर्धे पैसे तिथेच वाचतील. क्लबचे शिनगार्ड आहेत म्हणालास, त्यांना खाली पंजावर येणारी झडप आहे का बघ. बऱ्याच अंपायर शिनगार्डला असते, क्लबवाले काढून कपाटात टाकतात कारण चालताना खडखड वाजते. ती लाव. मग बूट घाल, शिनगार्ड बांध आणि आरशासमोर प्लेटमागे बसतोस तसा बस. उभं राहून बघू नकोस, उभं राहिल्यावर सगळं झाकल्यासारखंच वाटतं किंवा उगाच फट दिसते, खरं काय ते बसल्यावरच कळतं. शिनगार्ड लांब असेल तर खालची कड पंजात रुतेल, आखूड असेल तर नडगीच्या खाली घोट्याच्या वाकात बोटभर जागा उघडी राहील आणि बॉलला तेवढी पुरते. माप गुडघ्याच्या मध्यापासून घोट्याच्या वाकापर्यंत घे आणि त्यातला त्यात जुळणारा जोड क्लबमधून बाजूला काढून ठेव, मॅचच्या दिवशी जो हाताला येईल तो उचलू नकोस.

हो आणि मी सॉफ्टबॉल पण करते. मोठा बॉल म्हणून मऊ असेल असं समजून तिथे साधे शूज घालून येणारे बघितलेत. नावात सॉफ्ट आहे एवढंच, वजन १७८ ते १९८ ग्रॅम, बेसबॉलपेक्षा जड. बूट तेच घाला.

लोखंडी_अंगठा
ताईंचा पट्ट्याचा गार्ड हा पर्याय भारी आहे, मला सुचला नव्हता. मटेरियलवाल्यांनी सांगितल्यासारखा घोट्याखालचा एस१ मिळाला तर माझी तक्रार मागे. फक्त पोरा, घरात उभं राहून "पायाला बरे वाटतायत" म्हणून घेऊ नकोस, दुकानात पंचवीस-तीस वेळा खाली बसून उठ. लोक बघतील, बघू दे.

तिसरा_स्ट्राइक
एकच जोड दोन्हीकडे चालेल का याचं उत्तर राहिलंच. नाही चालणार, आणि पैसे वाचतील असं वाटतं ते पण खोटं. बेसवर धावायचं असतं, वळायचं असतं, प्लेट शूज घालून फर्स्ट बेसपासून आत धावत येऊन एका पायावर गर्रकन वळून (पिव्होट) बघ, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या सांगतील. उलट बेसचे हलके शूज घालून प्लेटमागे जायचं म्हणजे काय ते वर सगळ्यांनी लिहिलंच आहे. तुझे आहेत ते काळे स्पोर्ट्स शूज बेसलाच ठेव, त्यावर एक पैसा घालू नकोस, सगळं बजेट प्लेटच्या जोडावर लाव. दोन जोड असले की दोन्ही जास्त टिकतात, आणि मधल्या दिवसात वाळायलाही वेळ मिळतो.

माप घेताना संध्याकाळी जा, पाय दिवसभरात थोडे सुजतात. जाड मोजे घालूनच माप घे. साधा बूट आठवड्यात सैल होतो पण टोपी सैल होत नाही, आज अंगठा टोपीला लागत असेल तर वर्षभर लागणार. आणि नंतर जाडजूड सुकतळा घालायचा मोह टाळ, पाय वर उचलला जातो आणि बोटं टोपीच्या छताला टेकतात, मग मधली जागा गेली. मऊपणा हवाच असेल तर आधीचा सुकतळा काढून तेवढ्याच जाडीचा घाल.

एक्सरे_आधी
मी फिजिओ आहे, बुटांवर बोलून झालंय म्हणून थोडं वेगळं. चांगले बूट घालूनही कधीतरी बसतोच. बसला की लगेच हिरोगिरी करून उभं राहू नका, टाइम घ्या. कॅचर समजूतदार असेल तर तो स्वतःच पिचरकडे चालत जातो आणि तुम्हाला मिनिटभर मिळवून देतो, जसं कॅचरला लागल्यावर आपण ब्रश काढून स्वच्छ असलेली प्लेट पुन्हा झाडत बसतो. चार पावलं नीट टाकता येत नसतील, किंवा पायाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जो हाडाचा उंचवटा लागतो तिथे, नाहीतर आतल्या बाजूला कमानीच्या वर, दाबल्यावर कळ येत असेल तर मॅच दुसऱ्याकडे द्या आणि एक्सरे काढा. "बोटं हलतायत म्हणजे फ्रॅक्चर नाही" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता काही बोलत नाही, सरळ एक्सरे लिहून देते. फ्रॅक्चर असलं तरी बोटं मजेत हलतात.

तिसरा_स्ट्राइक
प्लेट झाडायचं कशाला सांगितलंत मॅडम, आता सगळ्या कॅचरना कळलं 😄

नवखा_पंच
सगळ्यांचे मनापासून आभार, एका दिवसात एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. क्लबच्या कपाटात शोधलं तर शिनगार्डच्या झडपा खरंच खोक्यात पडलेल्या होत्या, दोन स्क्रू कमी होते ते आणून लावले. स्लॉटमधली ताई म्हणाल्या तसं बसून बघितलं, एका जोडात फट राहत होती, दुसरा बरोबर बसला, त्यावर माझं नाव लिहून टाकलं.

बूटही सापडलेत. घोट्याखाली, २०३४५, एस१, एम पण आहे, चवड्यापाशी वाकतायत, दुकानात उठाबशाही काढल्या. (दुकानदाराने पाणी विचारलं.) किंमत प्लेट शूजच्या निम्म्याहून बरीच कमी. फक्त एक अडचण, माझ्या मापात तपकिरी रंगच शिल्लक आहे आणि आमच्याकडे काळेच लागतात. काळं पॉलिश मारत राहिलं तर चालून जाईल ना?

मटेरियलवाला
पॉलिशने नाही होणार. कितीही थर द्या, माती घासली की पुढून तपकिरी दिसायला लागतं, आणि ओल्या गवतात मोजे काळे होतात ते वेगळंच. चामड्याचा काळा डाय मिळतो तो आणा. आधी त्यावरचं वॅक्स स्पिरिटने पुसून काढा, फडकं तपकिरी यायला लागलं की समजा चामडं उघडं झालं. डायचे दोन हात द्या, मध्ये रात्रभर वाळू द्या, मग वरून पॉलिश. सोलची कड आणि एमची झडप बाहेरून असेल तर तिची खालची बाजू विसरू नका, बसल्यावर तीच दिसते. हे सगळं गुळगुळीत चामडं असेल तर. स्वेड असेल तर नाद सोडा, काळे येईपर्यंत थांबा.

नवखा_पंच
गुळगुळीत आहे, बघून आलो. उद्या डाय आणतो.